दोन भोकांचा पैसा

"हा रुळावर ठेवलेला," असं म्हणत सेबेस्टियनने चपटा झालेला पैसा बाजूला सरकवला. "पोरं ठेवतात गंमत म्हनून. टाकसाळीत पैसा असा पसरत नाय. तिथं ठसा पडताना त्याच्याभोवती लोखंडाचं कडं असतं."

"आणि विकणाऱ्याने मला शपथेवर सांगितलं होतं, की हा टाकसाळीतूनच असा बाहेर आला!"

"विकनारा दुसरं काय सांगेल?"

गुप्ते मोकळेपणाने हसले. रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ छातीच्या दुखण्यामुळे अर्नाळ्याला हवापालटासाठी येऊन राहिले होते. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता, त्यातही टाकसाळीत चुकून बिघडलेल्या नाण्यांचा. गेल्या एप्रिलपासून नवे पैसे बाजारात आले होते. जुने आता हळूहळू दिसेनासे होणार, म्हणून ते गावोगाव फिरून मिळेल ते घेत सुटले होते. पण घेतलेल्यांपैकी टाकसाळीची चूक कुठली आणि नंतर कोणी घणाने, काणशीने केलेली मोडतोड कुठली, ते त्यांना ओळखता येत नव्हतं. म्हणून आज ते गास गावी सेबेस्टियन तुस्कानोच्या अंगणात बाकावर पंचा पसरून बसले होते.

सेबेस्टियनने आधी नाहीच म्हटलं होतं. चौदा वर्षांत त्याने भिंग हातात धरलं नव्हतं. केळीच्या चिकाने बोटं काळी पडली होती. पण पहिलं नाणं त्याने उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मग त्याला थांबवेना. कड तुटलेली दोन नाणी त्याने शेजारी शेजारी ठेवली.

"हे खरं. चकती कापतानाच तुकडा गेलाय. आता ह्याच्या बरोबर समोरची कड बघा. बोथट हाय ना? ठसा पडताना धातू पुरला नाय. आनि हे दुसरं. ह्याची समोरची कड कशी ठसठशीत! म्हंजे पुरं छापून झाल्यावर कोनीतरी छिन्नीनं तोडलंय."

गुप्त्यांनी दोन्ही नाणी उन्हाकडे धरून पाहिली आणि मान डोलवली. दारात चहाचे कप घेऊन उभी असलेली मार्गारेट नवऱ्याकडे बघत राहिली. त्याचा असा आवाज तिने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"आता ही शेवटची," गुप्ते म्हणाले. खिशातून त्यांनी तपकिरीची रिकामी डबी काढली आणि कापसात गुंडाळलेले तीन पैसे पंचावर ठेवले. "ही मात्र खरी आहेत म्हणतात. तुम्ही एकदा बघा."

लढाईतले भोकाचे पैसे होते ते. तांबं वाचवायचं म्हणून सरकारने मधोमध भोक ठेवून काढलेले. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला वेलीचं कडं. पण या तिन्ही पैशांना कडेजवळ आणखी एक बारीक भोक होतं.

सेबेस्टियनने एक उचलला. भिंग लावायच्या आधी त्याने तो पालथा केला आणि भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. गुळगुळीत. मग भिंग लावलं. भोकाजवळचं अक्षर कुठे तुटलं नव्हतं, भोकाला वळसा घालून किंचित वाकलं होतं. भोक आधी पडलं होतं, ठसा नंतर. दुसरा तसाच. तिसराही.

"खरे हायेत," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "कुठं मिळाले तुम्हाला?"

"नंदाखालला. ॲन्सेल्म डाबरे म्हणून आहेत, टाकसाळीतून निवृत्त झालेले. तुम्ही ओळखत असालच. लढाईच्या वेळी त्यांनीच आणले होते म्हणे बाहेर. आता इतक्या वर्षांनी कोण विचारतंय! अजून बरेच आहेत त्यांच्याकडे." गुप्त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्यांनीच मला तुमच्याकडे पाठवलं. म्हणाले, माझे डोळे गेले, आता पारख करायची तर गासच्या सेबेस्टियनने. आणि हे तीन पैसे त्याला आठवणीने दाखवा म्हणाले."

सेबेस्टियनने तिन्ही पैसे पुन्हा कापसात गुंडाळले, डबीत ठेवले, डबीचं झाकण लावलं. मग उठून तो विहिरीवर गेला आणि हात धूत राहिला. गुप्ते बराच वेळ थांबले, मग मार्गारेटला नमस्कार करून निघून गेले.

सेबेस्टियनला मुंबईच्या टाकसाळीत लावलं ते ॲन्सेल्मनेच. दोघं बरोबरीचे. निर्मळच्या जत्रेत एकत्र हिंडलेले, एकाच वर्षी लग्नं झालेली. ॲन्सेल्म आधी चिकटला होता आणि तपासणीच्या टेबलाचा मुख्य झाला होता. छापलेली नाणी पट्ट्यावरून सरकत समोर यायची, त्यातलं खोट असलेलं नजरेने टिपून बाजूला काढायचं, हे काम. काढलेला रद्द माल तोलून पुन्हा भट्टीत जायचा. सेबेस्टियनला हे काम आवडायचं. मुलगी ग्रेसी जन्मली तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारा पाद्रीन कोण, हा प्रश्नच आला नाही. ॲन्सेल्मच.

त्रेचाळीस साली भोकाचे पैसे सुरू झाले. पहिले काही महिने यंत्राची एक खिळी सैल होती आणि अधूनमधून एखाद्या चकतीला कडेजवळ दुसरं बारीक भोक पडून यायचं. असे पैसे लगेच रद्द मालात जात. पण त्या मालाचं वजन कमी भरू लागलं. बाहेर कोणी हौशी गोरे शिपाई असल्या पैशांना भाव देतात, अशी कुजबुज होती. फाटकावरची झडती कडक झाली.

ग्रेसी तेव्हा सहा वर्षांची. बाजारात पहिल्यांदा भोकाचा पैसा दिसला तसा तिने तो गळ्यात बांधायचा हट्ट धरला. मधल्या भोकातून दोरा घातला की पैसा गरागरा फिरायचा आणि मुकुट उलटा व्हायचा. तिला मुकुट सरळ हवा होता. तिने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा सेबेस्टियनने पापडीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडून मुकुटाच्या वर बारीक भोक पाडून आणलं.

एके सकाळी कामावर निघताना ती त्याच्या गळ्याला लटकली आणि दोरा तुटला. पैसा त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला. संध्याकाळी नवा दोरा घालून देतो म्हणाला.

सुटताना फाटकावरच्या झडतीत तो पैसा सापडला.

साहेबाच्या खोलीत उभं केल्यावर सेबेस्टियन चक्क हसला होता. असल्या गोष्टीचा उलगडा व्हायला किती वेळ लागतो? त्याने सगळं सांगितलं. घड्याळवाला कुठे आहे विचारल्यावर मात्र त्याला सांगावं लागलं, की तो म्हातारा पावसाळ्यातच वारला. साहेबाने भुवई उंचावली. तेव्हा सेबेस्टियन स्वतःच म्हणाला, "साहेब, ॲन्सेल्म डाबऱ्याला बोलवा. त्याच्यासारखी नजर इथं कोनाची नाय. तो एका क्षणात सांगेल, हे भोक इथलं नाय."

ॲन्सेल्म आला. हवाई हल्ल्यांच्या भीतीने खिडक्यांना काळा कागद लावलेला, टेबलावर टोपी घातलेला एकच दिवा. ॲन्सेल्मने पैसा घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"भोक ठशाच्या आधीचं आहे, सर," तो म्हणाला. "माल इथलाच."

"ॲन्सेल्म, परत बघ," सेबेस्टियन म्हणाला. "मागच्या कडेवर बोट फिरव."

"बघितलं."

जुना नोकर म्हणून पोलिसात दिलं नाही. नोकरी मात्र त्याच दिवशी गेली.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ॲन्सेल्म गासला आला. दाराशी उभा राहून रडला. सेबेस्टियनला तो लहानपणापासून बस्त्यावच म्हणायचा. "मला तसंच दिसलं रे, बस्त्याव. काय करू? तुझ्यासाठी खोटं बोललो असतो तर देवाला काय तोंड दाखवलं असतं?" आणि सेबेस्टियननेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाच पाणी आणून दिलं. काळा कागद, एकच दिवा, भिंगावर चरे पडलेले. चांगल्या नजरेचा माणूसही चुकतो. दिसलं ते तो बोलला.

गावात कोणी तोंडावर काही बोललं नाही. देवळात सेबेस्टियन दानाची पिशवी फिरवायचा, ती पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याच्या हातात दिसली. दुकानात कोणाच्या हातून आणा पडला की बाकीचे आधी त्याच्याकडे बघत आणि मग नजर वळवत. त्याने वाडी धरली. केळी, पानवेल, पावसाळ्यात थोडं भात. वाडीचं काम त्याला वाईट नव्हतं, पण ते त्याचं नव्हतं.

मार्गारेटने मात्र ती चूक कधीच मान्य केली नाही. "नान्यांवर हयात गेलेल्या मानसाला दोऱ्याचं भोक कळत नाय?" ती एकदा म्हणाली. सेबेस्टियन इतका चिडला, की आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. "त्याच्याबद्दल या घरात वाकडा शब्द नको," त्याने बजावलं. आणि मार्गारेट गप्प बसली. दर नाताळाला ॲन्सेल्म आणि त्याची बायको लिडिया यायचे, ग्रेसीसाठी नवा झगा आणायचे, आणि मार्गारेट त्यांना तळलेले फुगे नि मटणाचं झणझणीत इंद्याल वाढायची.

राहिली ग्रेसी. ती मोठी होत गेली, पण गळ्यात कधी काही घातलं नाही. पहिल्या कम्युनियनला मावशीने आणलेली साखळीसुद्धा तिने काढून ठेवली. का, ते ती सांगत नसे. एकदा शाळेच्या सिस्टरने मार्गारेटला बोलावून सांगितलं, "तुमची मुलगी म्हणते, मी हट्ट केला म्हणून माझ्या बाची नोकरी गेली." सेबेस्टियनने तिला जवळ घेऊन समजावलं होतं. तुझ्यामुळे नाही, नशिबामुळे. ती मान हलवायची. गळा मोकळाच राहिला. आता ती वीस वर्षांची होती आणि मे महिन्यात तिचं लग्न होतं.

दुसऱ्या दिवशी सेबेस्टियन निर्मळच्या तलावाकाठून नंदाखालला चालत गेला. ॲन्सेल्म ओटीवर खुर्चीत बसला होता. दोन्ही बुबुळांवर पांढरी साय चढलेली. पावलांचा आवाज ऐकून त्याने मान उचलली.

"बस्त्याव?"

"हो."

"गुप्ते येऊन गेले?"

"येऊन गेले."

"बस."

सेबेस्टियन उभाच राहिला. आतून लिडियाचा पाट्यावर काही वाटतानाचा आवाज येत होता.

"त्या दिवशी ते पैसे तुझ्याकडं होते?" त्याने विचारलं.

"चपलेत. तळाच्या दोन चामड्यांच्या मधी." ॲन्सेल्मने एकदम सांगून टाकलं, जणू किती वर्षं तो हे वाक्य तयार ठेवून बसला होता. "तू सुटला असतास तर झडती पुढं चालली असती, सगळ्यांच्या चपला उसवनार होते. मला साहेबाचं बोलावनं आलं तेव्हा वाटलं, संपलं माझं. आत आलो, तर तू हसत उभा."

"भिंगातून काय दिसलं?"

"भिंगाची गरज नव्हती. हातात घेतला तेव्हाच बोटाला टोचलं. भोकाची मागची कड उठलेली होती. कोनीही सांगितलं असतं."

सेबेस्टियनने ओटीचा खांब धरला. "मग एवढा वेळ काय बघत होतास?"

"तुझ्याकडं बघायचं नव्हतं म्हनून भिंगात बघत होतो."

पाट्याचा आवाज थांबला. मग ॲन्सेल्म घाईघाईने बोलू लागला. "मला वाटलं, तुला नुसतं काढतील. तुझी वाडी होती, बस्त्याव. तुला खायला कमी पडनार नव्हतं. मला काय होतं? मला तर जेलात टाकला असता. आई अंथरुनावर, लिडियाचे दिवस भरत आलेले..."

"आनि रविवारी माझ्या दारात रडलास ते?"

"ते रडनं खरं होतं."

"देवाला काय तोंड दाखवू म्हनालास, ते?"

ॲन्सेल्मने तोंड आतल्या दाराकडे वळवलं.

"मी तुला पानी दिलं," सेबेस्टियन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "चौदा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो. दिवा बारीक होता. भिंग खराब होतं. मार्गारेटला गप्प केलं मी तुझ्यासाठी. माझ्या बायकोला. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं."

"मला सांगता येईना म्हनून तर गुप्त्यांना..."

"परक्या मानसाच्या खिशात घालून पाठवलंस!"

लिडिया दारात आली होती. हाताला वाटण लागलेलं तसंच. "कसले पैसे?" तिने नवऱ्याला विचारलं. "हे काय बोलतात, बस्त्यावदादा? कसली चप्पल?"

तिच्या चेहऱ्यावरून सेबेस्टियनला कळलं, की तिलाही माहीत नव्हतं. तिच्याकडे त्याला बघवेना.

"माझं जाऊ दे," तो ॲन्सेल्मला म्हणाला. "माझे दिवस गेले. ग्रेसीला सांग. तिला वाटतं तिच्यामुळं झालं. लग्नाआधी ये आनि तुझ्या तोंडानं सांग तिला. एवढंच."

"येतो," ॲन्सेल्म म्हणाला. "येसूच्यान येतो."

मार्गारेटला त्याने वाडीत सांगितलं. ती पानवेलीच्या रांगेत पाणी सोडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला आणि पाणी एकाच आळ्यात भरून वाहू लागलं.

"दर नाताळाला त्याच्या पानात पयला फुगा मी वाढला," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही वाढायला लावलात."

"हो."

"एकदाही मला बोलू दिलं नाय."

"नाय दिलं."

तिने फावडं उचललं आणि पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवलं. तिला राग येईल, ती रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मीच वाईट मनाची." आणि त्याच्याकडे पाठ करून ती रांगेच्या पार टोकापर्यंत गेली. त्याने मागून जायचं धाडस केलं नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ॲन्सेल्म आला. पुतण्याने त्याला बैलगाडीने आणलं आणि गाडी रस्त्यावरच थांबवली. लिडिया आली नव्हती. काठी टेकत, अंदाज घेत तो अंगणात आला. ग्रेसी सुपात तांदूळ पाखडत होती, ती धावत जाऊन त्याला हाताला धरून बाकावर घेऊन आली.

"पाद्रीन, एकटेच आलात? मामी कुठंय?"

"तिला बरं नाय." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तसाच राहिला. "मोठी झालीस गं."

सेबेस्टियन पायरीवर बसला. मार्गारेट चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. चहा करते असं ती म्हणाली नाही. ग्रेसीने आईकडे एकदा आश्चर्याने पाहिलं.

ॲन्सेल्म उन्हाळ्याबद्दल बोलला. विहिरींना पाणी कमी आहे म्हणाला. नवरामुलगा कुठे कामाला आहे ते त्याने पुन्हा विचारलं, जरी त्याला ते माहीत होतं. सेबेस्टियन वाट बघत होता. प्रत्येक वाक्य संपलं की त्याला वाटायचं, आता. पण पुढचं वाक्य पुन्हा आंब्यांचं नाहीतर फादरांचं असायचं.

मग ॲन्सेल्मने कोटाच्या खिशातून लाल कागदाची पुडी काढली आणि ग्रेसीच्या हातात दिली. आत सोन्याची साखळी होती, बारीक क्रूस लावलेली.

ग्रेसीने ती बघितली आणि पुन्हा कागदात ठेवली. "सुंदर हाय, पाद्रीन. पन मी गळ्यात काय घालत नाय. तुम्हाला ठाऊक हाय."

सेबेस्टियनने ॲन्सेल्मकडे पाहिलं. त्याच्या पांढऱ्या डोळ्यांची उघडझाप झाली, जीभ ओठांवरून फिरली.

"आता घाल," ॲन्सेल्म म्हणाला. "जुनं ते विसरायचं, पोरी. लहान होतीस तू. देवानं तुला माफ केलंय."

मार्गारेटच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. सेबेस्टियन पायरीवरून उठला. नंदाखालहून परतताना त्याच्या अंगात जो संताप होता, तो यावेळी आलाच नाही. त्याला फक्त फार थकल्यासारखं वाटलं.

"तिला कसली माफी, ॲन्सेल्म?" तो म्हणाला. मग तो ग्रेसीच्या समोर जाऊन उकिडवा बसला, ती लहान असताना बसायचा तसा. "ग्रेसी, नीट ऐक. तुझ्या पैशात काय खोट नव्हती. बाजारातला पैसा, घड्याळवाल्यानं भोक पाडलेला. हातात घेतला की कळनारं भोक. ह्याला कळलं होतं. चोरीचा माल ह्याच्या चपलेत होता, म्हनून तो खोटं बोलला. तुझ्या हट्टानं काय झालं नाय. ह्याच्या तोंडानं झालं."

ग्रेसीने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. मग तिने बाकाकडे तोंड वळवलं.

"खरं, पाद्रीन?"

ॲन्सेल्मने हो म्हणून मान हलवली.

ग्रेसी रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिने लाल पुडी त्याच्या हातात दिली, आणि त्याला नीट दिसत नाही म्हणून त्याची बोटं स्वतः एकेक करून पुडीवर मिटवली. "हे न्या," ती म्हणाली. "मामीला द्या." मग ती सूप उचलून घरात गेली. मार्गारेट तिच्यामागे आत गेली आणि दार लोटलं गेलं. आतून मुलीच्या हुंदक्याचा आवाज आला, एकदाच, आणि मग मायलेकींचं हळू बोलणं.

ॲन्सेल्म उठला. काठी शोधायला त्याला वेळ लागला. सेबेस्टियनने ती उचलून दिली नाही. तो नुसता उभा राहिला.

"लग्नाला मी..." ॲन्सेल्मने सुरुवात केली.

"नको."

मान खाली घालून तो चालू लागला. वाडीच्या तोंडाशी पाण्याचा खोल पाट होता आणि त्यावर माडाच्या खोडाची अरुंद फळी टाकलेली होती. येताना पुतण्याने त्याला धरून फळीपार आणून सोडलं होतं. आता पुतण्या दूर गाडीजवळ बैलांना चारा घालत होता, त्याचं इकडे लक्ष नव्हतं. पाटाच्या काठाशी पोचल्यावर ॲन्सेल्म थबकला. काठी त्याने हवेत फिरवली, ती कुठेच टेकली नाही.

"बस्त्याव," त्याने न वळता हाक मारली. "फळी कुठंय?"

सेबेस्टियन अंगणातून पुढे आला. हात धरण्याइतका जवळ नाही. दोन हात अलीकडेच थांबला.

"डावीकडं सरक," तो म्हणाला. "अजून थोडा. हां. आता सरळ समोर."

ॲन्सेल्मने काठीने चाचपून पाहिलं नाही. सेबेस्टियन म्हणाला तिथे त्याने पाय टाकला, मग दुसरा, आणि सरळ चालत पलीकडे गेला.